मतमोजणी घरबसल्या किंवा परदेशातून थेट पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकालाच्या आठवड्यात आमच्याकडे येणारे प्रश्न फारसे बदलत नाहीत. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, खाली जाल तसे अडचणीचे आणि अपवादाचे. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मतमोजणी थेट कुठे पाहायची? पैसे भरावे लागतात का?

नाही. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास, साम टीव्ही, न्यूज१८ लोकमत, एनडीटीव्ही मराठी, पुढारी न्यूज ही मराठी वृत्तवाहिन्यांची मंडळी निकालाच्या दिवशी यूट्यूबवर फुकट थेट प्रक्षेपण करतात. सरकारी बाजूने डीडी न्यूज आणि डीडी सह्याद्री आहेत. ही दोन्ही यूट्यूबवर आणि प्रसार भारतीच्या 'वेव्हज' ॲपवरही दिसतात.

पण वाहिनी हा अर्धाच बंदोबस्त झाला. दुसरी खिडकी निवडणूक आयोगाच्या निकाल संकेतस्थळाची ठेवा: रिझल्ट्स डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन. वाहिनीवर आवाज, चर्चा आणि घाई असते. साइटवर फक्त आकडे असतात, पण ते सही झालेले असतात. मोबाइलवर वाहिनी आणि लॅपटॉपवर साइट, ही जोडी सगळ्यात सोयीची.

२. मोजणी किती वाजता सुरू होते आणि पहिला आकडा कधी येतो?

लोकसभा आणि विधानसभेची मोजणी सकाळी ८ वाजता टपाली मतांनी सुरू होते. साडेआठपासून मतदान यंत्रं उघडली जातात, मग टपाली मतं संपलेली असोत वा नसोत. वाहिन्यांवर ८ वाजून ५ मिनिटांनीच जे कल झळकू लागतात ते मूठभर टपाली मतांवरचे असतात. आयोगाच्या साइटवर साधारण ९ च्या पुढे हालचाल दिसू लागते. चहा आरामात घ्या, काही बुडत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मोजणीची वेळ वेगळी असू शकते. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

३. मी परदेशात आहे. भारतात सकाळचे ८ म्हणजे माझ्याकडे किती?

भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि ती वर्षभर बदलत नाही. बदलतं ते तुमच्याकडचं घड्याळ, म्हणून मोजणी कोणत्या महिन्यात आहे ते आधी बघा.

दुबईत सकाळचे ६:३०, सिंगापूरला १०:३० आणि टोकियोत ११:३०. या तीन ठिकाणी उन्हाळा-हिवाळ्याचा फरक नाही. लंडनला हिवाळ्यात पहाटेचे २:३०, उन्हाळ्यात ३:३०. जर्मनीत त्यात प्रत्येकी एक तास मिळवा. सिडनीत जूनच्या सुमारास दुपारचे १२:३०, डिसेंबरच्या सुमारास १:३०.

अमेरिकेत चूक होते ती तारखेची. न्यूयॉर्क आणि टोरांटोत आदल्या रात्रीचे ९:३० (हिवाळा) किंवा १०:३० (उन्हाळा) वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात आदल्या संध्याकाळचे ६:३० किंवा ७:३०. २०२४ ची लोकसभेची मोजणी मंगळवारी, ४ जूनला होती, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत ती सोमवारी संध्याकाळी साडेसातला सुरू झाली. रजा मंगळवारची टाकली असेल तर ती झोपून काढण्याच्या कामी येते.

युरोपातल्या लोकांना आमचा सल्ला असा, की पहाटे तीनला उठून टपाली मतांचे कल पाहण्यात अर्थ नाही. भारतात साडेअकरा-बारा वाजतात तेव्हा चित्र आकाराला येतं. तेव्हा लंडनला सकाळचे सहा-सात झालेले असतात.

४. टीव्हीवर आमचा उमेदवार पुढे दिसतो आणि आयोगाच्या साइटवर मागे. खरं कोणाचं?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात, फक्त वेगवेगळ्या वेळचे.

मोजणीच्या सभागृहात टेबलांपलीकडे जाळी असते आणि जाळीमागे उमेदवारांचे मोजणी प्रतिनिधी वही घेऊन बसतात. यंत्राने आकडा दाखवला की तो वहीत उतरतो, आणि तिथून कार्यकर्त्यांमार्फत बाहेरच्या वार्ताहरांपर्यंत पोचतो. वाहिनीचा आकडा बऱ्याचदा हाच असतो.

आयोगाचा आकडा लांबच्या वाटेने येतो. प्रत्येक टेबलावर नमुना १७-क चा, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशोबाच्या कागदाचा, दुसरा भाग भरून सह्या होतात. निरीक्षक फेरीतली (फेरी म्हणजे काय, ते प्रश्न ५ मध्ये) कोणतीही दोन यंत्रं पुन्हा तपासतो. मग निवडणूक निर्णय अधिकारी फेरीची बेरीज करून ती जाहीर करतो आणि त्यानंतर ती संगणकात भरली जाते. त्यामुळे साइट एखाद-दोन फेऱ्यांनी मागे राहते. यावरून वादही झाले आहेत. ८ ऑक्टोबर २०२४ च्या हरियाणा मोजणीत काँग्रेसने साइट संथ चालल्याची तक्रार केली होती. आयोगाने ती निराधार म्हणून फेटाळली.

तुलना करताना दोन्हीकडे एकच फेरी चालू आहे का, तेवढं बघा. वाहिनी फेरी सांगत नसेल, नुसतं 'आघाडीवर' एवढंच म्हणत असेल, तर साइट धरून चाला.

५. आघाडी खरी कधी मानायची?

एकूण फेऱ्या किती आणि झाल्या किती, हे कळल्याशिवाय आघाडीच्या आकड्याला किंमत नाही.

एका विधानसभा मतदारसंघासाठी साधारण १४ टेबलं मांडतात. एका फेरीत प्रत्येक टेबलावर एका मतदान केंद्राचं यंत्र, म्हणजे एका फेरीत १४ केंद्रं. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात १,००,१८६ मतदान केंद्रं होती. २८८ मतदारसंघांनी भागलं तर प्रत्येकी ३४८ च्या आसपास, म्हणजे सुमारे २५ फेऱ्या. तेव्हा चौथ्या फेरीअखेर ६,००० ची आघाडी म्हणजे सहावा भाग मोजून झाला आहे, इतकंच.

आणखी एक गोष्ट नेहमी सुटते. यंत्रं केंद्रांच्या अनुक्रमांकानेच टेबलावर येतात आणि केंद्रांचे क्रमांक भूगोलानुसार दिलेले असतात. पहिल्या पाच फेऱ्या म्हणजे मतदारसंघाचा एक कोपरा: एखादं शहर, किंवा तालुक्याची एकच बाजू. तो कोपरा ज्याचा बालेकिल्ला, तो सकाळी पुढे. 'आमचा भाग अजून यायचाय' असं गावाकडचा कार्यकर्ता म्हणतो तेव्हा ती नुसती समजूत नसते, बऱ्याचदा ते खरं असतं. तुमच्या मतदारसंघात कोणता भाग कोणत्या क्रमांकांत येतो हे आदल्या रात्री मतदान केंद्रांच्या यादीवरून पाहून ठेवा. दुसऱ्या दिवशी वाहिनीवरच्या तज्ज्ञांपेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

हिशोब असा करा: उरलेल्या फेऱ्यांमधली मतं काढा आणि आघाडी मोडायला मागच्या उमेदवाराला प्रत्येक फेरीत किती जास्त मतं लागतील ते बघा. १० फेऱ्या उरल्यात आणि आघाडी २०,००० आहे, तर त्याला दर फेरीत २,००० नी पुढे राहावं लागेल. तेवढं त्याने आजवरच्या एकाही फेरीत केलं नसेल, तर गुलाल आणायला हरकत नाही.

लोकसभेला महाराष्ट्रातल्या प्रत्येक मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं असतात आणि सहांची मोजणी एकाच वेळी चालते. म्हणून तिथे भौगोलिक झुकाव कमी असतो, पण ज्या क्षेत्रात केंद्रं जास्त ते मागे रेंगाळतं. शेवटी फक्त त्याच क्षेत्राच्या फेऱ्या उरतात आणि तेव्हा आघाडी एकाच दिशेने पळू लागते.

६. आयोगाच्या साइटवर माझा मतदारसंघ कसा शोधू?

मुखपृष्ठावर निवडणूक निवडा, मग राज्य. समोर पक्षनिहाय तक्ता येतो. त्यात 'विजयी', 'आघाडीवर' आणि 'एकूण' असे रकाने असतात. मतदारसंघाच्या यादीतून आपला मतदारसंघ उघडला की उमेदवारनिहाय मतं दिसतात. त्यात यंत्रावरची मतं आणि टपाली मतं वेगळी दाखवलेली असतात. विधानसभेच्या वेळी फेरीनिहाय पानही असतं. मागील बेरीज, चालू फेरी आणि एकूण असे तीन आकडे तिथे मिळतात. प्रश्न ५ मधला हिशोब याच पानावर करायचा.

पानावर 'शेवटचं अद्ययावत' अशी वेळ असते, ती आधी वाचा. अर्धा तास जुनी असेल तर ब्राउझरमधून पान पुन्हा लोड करा. मोबाइलवर जुनं पान साठून राहतं, म्हणून खाजगी टॅबमध्ये उघडलेलं बरं. मोबाइलवर आधी व्होटर हेल्पलाइन ॲप होतं. आता आयोगाने आपली ॲप 'ईसीआयनेट'मध्ये एकत्र केली आहेत.

७. तीन वाहिन्यांवर युती-आघाडीचे तीन वेगळे आकडे का?

कारण आयोग युती-आघाडी ओळखतच नाही. त्याच्या तक्त्यात फक्त पक्ष असतात, बेरीज वाहिनी करते. २०२४ च्या विधानसभेत भाजप १३२, शिवसेना ५७ आणि राष्ट्रवादी ४१ मिळून २३० होतात. पण जनसुराज्य शक्तीच्या २ जागा आणि इतर छोटे मित्रपक्ष धरले की आकडा वाढतो. बंडखोर अपक्ष कोणाच्या खात्यात टाकायचा, हा तर प्रत्येक संपादकाचा स्वतंत्र निर्णय. शिवाय शिवसेना आणि राष्ट्रवादी ही नावं दोन-दोन पक्षांत आहेत. साइटवर ठाकरे गट 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' आणि पवार गट 'नॅशनॅलिस्ट काँग्रेस पार्टी – शरदचंद्र पवार' असा पूर्ण नावाने येतो. घाईत ओळ चुकते.

बहुमताचे आकडे मात्र पक्के: विधानसभेत १४५, लोकसभेत २७२.

८. शेजारच्या घरात आधी आरडाओरडा होतो, आमच्याकडे निकाल नंतर येतो. नेट खराब आहे का?

नाही. शेजारी डिशवर बघतात आणि तुम्ही यूट्यूबवर. उपग्रहावरून येणारं चित्र काही सेकंदच मागे असतं. इंटरनेटवर तेच चित्र आधी छोट्या तुकड्यांत कापलं जातं, वेगवेगळ्या दर्जांत तयार होतं आणि तुमच्या फोनवर पोचल्यावर दोन-तीन तुकडे साठले की मग चालू होतं. त्यात १५ ते ३० सेकंद सहज जातात. नेट कितीही वेगवान असलं तरी हा उशीर राहतोच.

मात्र तुम्ही मध्ये एकदा थांबवून पुन्हा चालू केलं असेल तर तुम्ही चार-पाच मिनिटंही मागे असू शकता. प्लेअरच्या कोपऱ्यातला 'लाइव्ह' शब्दाजवळचा ठिपका लाल असेल तर तुम्ही ताज्या ठिकाणी आहात. तो करडा असेल तर त्यावर दाबा. मधलं काही चुकवायचं नसेल तर वेग १.२५ किंवा १.५ करा, हळूहळू गाठाल.

९. दिवसभर पाहिलं तर डेटा किती जातो?

तासाचा अंदाज: १४४पी ला १०० एमबीच्या आसपास, ३६०पी ला ३०० एमबी, ४८०पी ला अर्धा जीबी, ७२०पी ला एक ते दीड जीबी, १०८०पी ला दोन ते तीन जीबी.

रोज दीड जीबीचा पॅक असेल आणि दर्जा 'ऑटो'वर सोडला, तर तो तास-दीड तासातच संपू शकतो, म्हणजे ऐन रंगात आलेली मोजणी हातची जाते. त्यानंतर बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. त्यात व्हिडिओ चालत नाही. दर्जा हाताने ४८०पी वर ठेवा. त्याच्या खाली गेलात तर वृत्तवाहिन्यांच्या पट्टीवरचे बारीक आकडे वाचता येत नाहीत, मग पाहून उपयोग काय? आयोगाची साइट मात्र अगदी थोड्या डेटात चालते. पॅक संपत आला की व्हिडिओ बंद करून साइट आणि रेडिओवर या (प्रश्न ११).

१०. मध्येच प्रक्षेपण बंद पडतं किंवा सकाळी जपून ठेवलेली लिंक दुपारी उघडत नाही.

यूट्यूबवर १२ तासांपेक्षा लांब थेट प्रक्षेपण आपोआप साठवलं जात नाही. म्हणून वाहिन्या मध्येच जुनं बंद करून नवं सुरू करतात आणि तुमची लिंक तिथेच मरते. व्हिडिओची लिंक जपण्यापेक्षा वाहिनीचं पान जपा आणि त्यातला 'लाइव्ह' विभाग उघडा.

चित्र अडखळत असेल तर क्रमाने हे करून बघा. दर्जा एक पायरी खाली आणा. व्हिडिओशेजारी धावणारी प्रतिक्रियांची पट्टी बंद करा, कारण जुन्या फोनला व्हिडिओपेक्षा तीच जड जाते. मग वायफाय सोडून मोबाइल डेटावर किंवा उलट जाऊन बघा. सगळीच साइट्स रेंगाळत असतील तर दोष नेटचा. एकच वाहिनी रेंगाळत असेल तर दोष त्यांच्याकडचा, दुसरी लावा.

११. ऑफिसात आहे, फक्त आवाज ऐकायचा आहे.

यूट्यूबवर स्क्रीन बंद केली की आवाज थांबतो. प्रीमियम घेतलं असेल तर थांबत नाही. त्यापेक्षा आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' ॲप घ्या. ते स्क्रीन बंद असतानाही चालतं आणि तासाला काही दहा एमबीत भागतं. निकाल आणि बातम्या सावकाश सांगितल्या जातात, ओरडून नाहीत.

१२. फोनवरचं टीव्हीवर कसं आणायचं?

स्मार्ट टीव्हीत यूट्यूब असेल तर तेच वापरा. फोनवरून 'कास्ट' करायचं तर फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. फोनचाच हॉटस्पॉट देऊन त्याच फोनवरून कास्ट करायला गेलात तर बऱ्याचदा टीव्ही सापडतच नाही. अशा वेळी दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट घ्या. टीव्ही साधा असेल तर लॅपटॉप एचडीएमआय वायरने जोडा. ही सर्वांत भरवशाची पद्धत, आणि एका बाजूला आयोगाची साइटही उघडी ठेवता येते.

१३. परदेशातून काही साइट 'ॲक्सेस डिनाइड' दाखवतात. व्हीपीएन लागेल का?

मराठी वाहिन्यांच्या यूट्यूब प्रक्षेपणाला सहसा लागत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. भारतातली काही ओटीटी ॲप तिथे बंद असतात, आणि काही सरकारी साइट परदेशी पत्त्यांवरून येणारी विनंती नाकारतात. आयोगाचं पान उघडलं नाही तर आधी मोबाइल डेटावरून बघा, कारण ऑफिसची नेटवर्क स्वतःच बऱ्याच गोष्टी अडवतात.

तरीही नाही उघडलं तर घरच्यांना व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगा. व्हॉट्सॲपमध्ये ती सोय आहे. यूएईत मात्र व्हॉट्सॲप कॉल चालत नाहीत, तिथे टीम्स किंवा झूम वापरा. यूएईत व्हीपीएनच्या गैरवापराला कडक शिक्षा आहे, त्यामुळे एका निकालासाठी त्या वाटेला जाऊ नका. बाकी देशांतही अनोळखी फुकट व्हीपीएन ॲप टाकू नका.

१४. खोटं 'लाइव्ह' कसं ओळखायचं?

मागच्या निवडणुकीचं चित्रीकरण 'लाइव्ह' म्हणून पुन्हा चालवणारे खूप असतात. पडद्यावरची तारीख आणि वेळ बघा. खालच्या पट्टीवरची दुसरी एखादी बातमी आजची आहे का ते बघा. वाहिनीच्या नावापुढे पडताळणीची खूण आहे का आणि पान किती जुनं आहे, तेही तपासा. एकूण जागांचा आकडाही चूक पकडून देतो. विधानसभेच्या दिवशी कोणी ४८ पैकी आकडे दाखवत असेल, तर ती जुनी लोकसभा आहे.

निकाल पाहण्यासाठी कुठेही ओटीपी, आधार क्रमांक किंवा ॲपची फाइल उतरवायला लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली अशी फाइल उघडू नका.

१५. महापालिकेचे निकाल आयोगाच्या त्याच साइटवर का नाहीत?

कारण तो आयोगच वेगळा. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती राज्य निवडणूक आयोगाकडे. दिल्लीच्या साइटवर पुण्याचा प्रभाग शोधत बसलेले लोक दर वेळी भेटतात.

इथे फेरीनिहाय थेट तक्त्याची अपेक्षा ठेवू नका. स्थानिक वाहिन्या, वृत्तपत्रांची संकेतस्थळं आणि त्या महापालिकेचं स्वतःचं पान हाच आधार. वेळही वेगळी असते. १६ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांची मोजणी सकाळी १० ला सुरू झाली. एका केंद्रावर प्रभागांची मोजणी एकामागून एक होत असेल, तर तुमच्या प्रभागाची पाळी येईपर्यंत काहीच आकडा येत नाही. ते लपवणं नव्हे.

मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकात एक नगरसेवक, बहुमत ११४. बाकी शहरांत एका प्रभागात अ, ब, क, ड अशा अनेक जागा असतात. 'प्रभाग ९ मध्ये अमुक पक्ष विजयी' ही बातमी त्यातल्या एकाच जागेची असू शकते, म्हणून अक्षर विचारा. तारीखही आदल्या दिवशी पुन्हा तपासा: २ डिसेंबर २०२५ ला झालेल्या नगरपरिषदांच्या मतदानाची मोजणी दुसऱ्या दिवशी होणार होती, पण न्यायालयाच्या आदेशामुळे ती २१ डिसेंबरला झाली.

१६. एक्झिट पोल कधी दाखवतात? मी परदेशातून आधीच टाकला तर?

शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास झाल्यावर. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १२६-अ पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून तोवर एक्झिट पोल घ्यायला आणि कोणत्याही मार्गाने प्रसिद्ध करायला बंदी घालतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दोन राज्यांच्या निवडणुका एकत्र असतील तर बंदीही एकत्र. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ ला एकाच दिवशी मतदान होतं, पण झारखंडचा पहिला टप्पा १३ नोव्हेंबरला असल्याने बंदी १३ पासूनच लागू होती.

'मी तर न्यू जर्सीत आहे' यावर विसंबून भारतातल्या गटात आकडे टाकू नका. तुम्ही लांब असलात तरी पुढे पाठवणारे भारतातच असतात.

आणि एक्झिट पोलवर पैज तर लावूच नका. २०२४ च्या लोकसभेत बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या वर नेलं होतं, आल्या २९३.

१७. मतदानाच्या दिवशी संध्याकाळची टक्केवारी रात्रीत वाढते कशी?

दिवसभर दर दोन तासांनी येणारे आकडे अंदाजे असतात. संध्याकाळी ६ ला जे रांगेत उभे असतात त्यांना चिठ्ठ्या देऊन त्यांचं मतदान पूर्ण करून घेतात. मग केंद्राध्यक्ष कागद भरतात आणि दुर्गम केंद्रांचा आकडा रात्री उशिरा येतो. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ ला ५ वाजता ५८.२२ टक्के होते, अंतिम आकडा ६६.०५ टक्के झाला. या वाढीवर विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि आयोगाने वरचंच कारण दिलं. पाहणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते इतकंच, की पाच वाजताची टक्केवारी घेऊन कोणी मोठे निष्कर्ष काढत असेल तर ऐकून सोडून द्या.

१८. मतदान केंद्रात कॅमेरे असतात. ते आपल्याला थेट पाहता येतील का?

नाही. ते वेबकास्टिंग नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्यांसाठी असतं. २० डिसेंबर २०२४ ला निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलल्यावर चित्रीकरणाच्या प्रती मागण्यावरही मर्यादा आली. 'बूथ लाइव्ह' म्हणून जे फिरतं ते एकतर जुनं असतं, नाहीतर कोणीतरी बेकायदा काढलेलं.

१९. सगळ्या फेऱ्या संपल्या, तरी 'विजयी' का दिसत नाही?

यंत्रांनंतरही कामं उरतात. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या हाताने मोजतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ही संख्या एकावरून पाच केली. एखादं यंत्र आकडा दाखवत नसेल तर ते बाजूला ठेवतात, आणि आघाडी त्या यंत्रातल्या मतांपेक्षा कमी असेल तर त्याच्या चिठ्ठ्या मोजतात.

टपाली मतांनी निकाल फिरू शकतो. मुंबई वायव्य, २०२४: यंत्रांवर अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपालात १,५०१ विरुद्ध १,५५०, आणि वायकर ४८ मतांनी विजयी. विजयाचा फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा तपासावी लागतात. त्याशिवाय हरणारा उमेदवार लेखी कारण देऊन फेरमोजणी मागू शकतो. त्यातही वेळ जातो. सप्टेंबर २०२५ पासून आयोगाने आणखी एक नियम केला आहे: टपाली मतं मोजून होईपर्यंत यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. त्यामुळे शेवटच्या दोन फेऱ्यांआधी आकडे तासभर गोठलेले दिसले तर घाबरू नका.

अगदी समान मतं पडली तर चिठ्ठी काढतात. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० चा निकाल असाच लागला. चिठ्ठी भाजपच्या अतुल शाह यांच्या नावाची निघाली.

२०. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचा निकाल दुसऱ्या दिवशीपर्यंत का लांबतो?

तिथे यंत्र नसतं आणि मत पसंतीक्रमाने द्यायचं असतं. कागदी मतपत्रिका आधी वैध-अवैध वेगळ्या करतात, मग कोटा, म्हणजे जिंकायला लागणारा मतांचा आकडा, ठरतो. पहिल्या पसंतीत कोणी कोटा गाठला नाही तर सर्वांत खालचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात, आणि हे पुन्हा पुन्हा चालतं. थेट पाहण्यासारखं त्यात फार काही नसतं. रात्री झोपा, सकाळी बघा.

२१. माझ्या बूथवर कोणाला किती मतं पडली, हे कुठे मिळेल?

त्या दिवशी थेट कुठेच नाही. अधिकृत आकडा नमुना २० मध्ये असतो आणि तो नंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर मतदारसंघनिहाय पीडीएफमध्ये येतो. त्यात केंद्राचा क्रमांक असतो, नाव नसतं. म्हणून मतदान केंद्रांची यादी आधीच उतरवून ठेवा. ही तीच यादी आहे जी प्रश्न ५ साठी लागते.

२२. परदेशातून बघता येतं, तसं ऑनलाइन मतही देता येतं का?

नाही, आणि टपालानेही नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नागरिकांनी नमुना ६-अ भरून 'परदेशस्थ मतदार' म्हणून नाव नोंदवायचं आणि पारपत्रावरच्या पत्त्याच्या मतदान केंद्रावर मूळ पारपत्र घेऊन स्वतः हजर राहायचं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाणारी टपाली मतपत्रिका सैन्यदलांसारख्या सेवा मतदारांसाठी आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी मतदानाचा हक्क राहत नाही.